पिशव्या कोण सांभाळणार? (बदलत्या राइड्स आणि घरच्यांबरोबरची सहल)

गुहागरी_पाळणा

मंडळी, विषय हलकाफुलका आहे, पण महिनाभर डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतो.

मी पाळणावेडा माणूस. वय त्रेचाळीस, कंबर साठीची, तरी रोलर कोस्टर दिसला की पाय आपोआप रांगेकडे वळतात. हे खूळ लागलं १९९१ च्या मे महिन्यात. बोरिवलीच्या मामाने आम्हा सगळ्या भाचरांना एस्सेलवर्ल्डला नेलं होतं. ते १९८९ ला सुरू झालं, म्हणजे तेव्हा अगदी नवं कोरं. मार्वेहून लाँचीने जायचं. लाँच हलली की मुंबईची मामेभावंडं कठडा धरून किंचाळायची. आम्ही गुहागरची पोरं वेलदूरहून दाभोळला लाँचीने येणारी-जाणारी, आम्हाला कळेचना की राइड सुरू झालीय का काय!

आता मुद्दा. गेल्या महिन्यात आम्ही घरचे सात जण एका पार्कात गेलो (नाव घेत नाही, प्रश्न त्या एका पार्काचा नाही). सहा वर्षांपूर्वी तिथे एक झुकझुक गाडी होती. काही विशेष नाही हो, एक बोगदा, प्लास्टरचे दोन हत्ती, अंधारात दोरीवर लटकणारं वटवाघूळ. पण त्या गाडीत आई, मी आणि लेक एका डब्यात बसलो होतो. आता ती गाडी काढून तिथे माणसाला उलटं टांगणारं काहीतरी बसवलंय. लेक चौदा वर्षांची, ती खूश. मुलगा आठ वर्षांचा, तो उंचीच्या पट्टीला दोन बोटं कमी पडला, म्हणून रडारड. आणि आई एकाहत्तर वर्षांची. ती बाकावर बसली. मांडीवर सात जणांच्या पिशव्या, पायाशी चपला, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात चष्मे.

संध्याकाळी गाडीत विचारलं, "आई, कसं वाटलं?" तर म्हणाली, "पिशव्या छान होत्या."

तर प्रश्न असा : राइड्स बदलाव्यात का, आणि बदलल्या तर काय राखावं? माझं मत सांगून टाकतो. काय वाट्टेल ते बदला, पण जिच्यात आजी आणि नात शेजारी शेजारी बसतील अशी एक तरी राइड ठेवा.

सोलकढी

"पिशव्या छान होत्या" =)) आजींना साष्टांग दंडवत.

बाकी प्रतिसाद जेवून आल्यावर.

खारेपाटण_ते_कॅलिफोर्निया

धागा आमच्यासाठीच काढल्यासारखा वाटला. मी इकडे वीस वर्षं आहे. आईबाबा दोनदा येऊन गेले, २०१९ ला आणि यंदा. दोन्ही वेळा अनाहाइमच्या डिस्नीलँडला नेलं.

तिथे स्प्लॅश माउंटन नावाची राइड होती. ओंडक्यासारख्या होडीतून पाण्यातल्या वळणांवरून सावकाश फिरायचं आणि शेवटी पन्नासेक फुटांवरून धाडकन खाली यायचं. तीही १९८९ चीच, तुमच्या एस्सेलवर्ल्डच्या वयाची. ती ज्या १९४६ च्या चित्रपटावर बेतली होती त्यातलं काळ्या लोकांचं चित्रण आक्षेपार्ह म्हणून त्यावर जुनाच वाद होता. शेवटी २०२३ च्या मेअखेर राइड बंद केली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात टियाना या राजकन्येच्या नावाने परत उघडली. पाणी तेच, वळणं तीच, उतारही तोच. बाहुल्या, गाणी आणि गोष्ट मात्र नवी. बंद होणार म्हटल्यावर इथल्या चाहत्यांनी एवढा गहजब केला की काय सांगू. काहींनी राइडमधलं पाणी बाटलीत भरून विकायला काढलं होतं. गंगाजल!

आमचे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, करूळ घाट त्यांच्या हाताखालून हजारो वेळा गेला असेल. २०१९ ला उतरल्यावर एवढंच म्हणाले, "रिकामी गाडी घाटातून उतरवताना पोटात असंच होतं." यंदा नव्या राइडमध्ये बसलो. मी आपला नवीन बाहुल्या बघतोय, आणि शेजारी बाबा पुटपुटतायत, "आता डावीकडे. आता छोटा उतार. आता काळोख." एकही वळण चुकलं नाही! बाहेर आल्यावर आईने विचारलं, काय बदललं हो? तर म्हणे, "बॉडी नवीन बांधली आहे, चॅसी जुनीच."

माझं मत त्यामुळे बाबांच्या बाजूने. चॅसी ठेवा, बॉडी हवी तेवढी बदला.

ढवळी_लाट

वय १९, मुक्काम अलिबाग. विरोधी मत मांडतो, चपला आवरा.

तुम्हा लोकांना राइड नको असते, तुम्हाला १९९१ हवं असतं. झुकझुक गाडीत वटवाघूळ दोरीवर होतं हे तुम्हीच लिहिलंय. आमच्या पिढीला ती दोरी दिसते.

मी पहिल्यांदा इमॅजिकाला गेलो तेव्हा नायट्रोच्या पट्टीला कमी पडलो होतो. नायट्रो म्हणजे भारतातला फ्लोअरलेस कोस्टर. बसल्यावर पायाखालची फरशी खाली जाते, पाय लोंबकळतात, आणि मग पाच वेळा उलटं. पुढच्या वर्षी दोन मोजे आणि जाड तळव्याचे बूट घालून गेलो, तर तिथल्या दादाने बूट काढायला लावले. तिसऱ्या वर्षी बसलो. दहावीच्या निकालापेक्षा जास्त आनंद त्या दिवशी झाला. मोठी, भीतीदायक राइड हीसुद्धा घरातल्यांची आठवण असते, काका. बाबा खाली उभे राहून हात हलवत होते, ते मला वरून दिसलं होतं.

गुहागरी_पाळणा

@ढवळी_लाट, चपला आईच्या पायाशी आहेत, त्यामुळे तुम्ही सुरक्षित.

मोज्यांची आयडिया मुलाला सांगणार नाही. दोन बोटं फार नसतात, तो लगेच करून बघेल.

तळकोकणी

गाववाल्यानू, तुमची ती पार्का ऱ्हवांदेत बाजूक. आमच्या जत्रेतलो पाळणो बघा. मी ल्हान होतंय तेव्हा चार पेट्यांचो लाकडी पाळणो होतो. एक माणूस हातान फिरवी, पेटी खाली इली की परत ढकलून दी. आता जनरेटरवरचो मोठो पाळणो इलो, लायटी इल्यो. बदललो ना? पण आंगणेवाडीक मुंबयचे चाकरमानी येतत ते काय पाळण्यासाठी नाय, भराडी देवीसाठी येतत. जत्रेची तारीख कौलान ठरता, तरी रजा टाकून येतत. पोरा पाळण्यात, म्हातारी मानसा खाज्याच्या दुकानार. आणि पिशवी? पिशवेत खाजा असता. ती सांभाळूक कोणाकय आवडता.

हर्णैची_मावशी

तळकोकणी, खाज्याची आठवण कशाला काढलीत? आलं घातलेलं, गुळाचं, कडक. दात गेले तरी जीभ विसरत नाही.

आमची गंमत सांगते. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. सासूबाईंना पार्क म्हटलं तर त्या आल्या नसत्या. म्हणून "पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जाऊ" असं सांगून निघालो. दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि परतताना गाडी "चुकून" पार्कात वळली. सासूबाईंनी गेटकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हा कुठला गणपती?"

पण सांगायचं ते पुढेच. त्यांनी दिवसभरात एकच राइड केली, होडीतून फिरवतात ती राजासॉरसवाली. शेवटी भिजल्या. नऊवारीतून पाणी निथळतंय आणि या हसतायत. नंतर वाडीत सगळ्यांना सांगत होत्या की पालीला तळ्यात पडले.

दापोलीचे_सर

मावशी, जाता जाता मास्तरकी करतो. राजासॉरस हे नाव राइडसाठी बनवलेलं नाही, तो खराखुरा भारतीय डायनोसॉर आहे. राजासॉरस नर्मदेन्सिस. हाडं गुजरातेत रहिओलीला सापडली, नामकरण २००३ मध्ये झालं. मांसाहारी, डोक्यावर आखूड शिंग. दरवर्षी सहलीच्या आधी वर्गात सांगतो. सहलीहून आल्यावर निबंधात पोरं लिहितात, "राजासॉरस पाणी उडवतो."

ग्रीस_आणि_गंज

मी पाळण्यांच्या देखभालीत बरीच वर्षं काढली आहेत. कुठे ते विचारू नका. राइड का काढतात याबद्दल लोकांचे भलतेच समज असतात, म्हणून लिहितो.

कोस्टरच्या डब्याला इंजिन नसतं. साखळीने वर ओढतात, तिथून पुढे सगळं उतारावर. वर चढताना जो टक-टक-टक आवाज येतो ना, ज्याने निम्म्यांचा जीव जातो, तो खरं तर तुमच्या बाजूचा आवाज आहे. साखळी तुटली तरी डबा मागे घरंगळू नये म्हणून दातेरी पट्टीवर खटका पडत असतो. हल्ली काही राइड्सवर तो आवाज बंद करता येतो, पण मला विचाराल तर आवाज हवा. निम्मी राइड त्या टकटकीतच असते.

चाकं तीन तऱ्हेची. वरची वजन पेलतात, बाजूची डबा रुळावर राखतात आणि रुळाच्या खालून लागलेली डब्याला उडू देत नाहीत. चाकांवरचं आवरण झिजतं, ते बदलत राहतो. खरी डोकेदुखी वेल्डिंगची. लोखंड वर्षानुवर्षं वाकतं-सरळ होतं, डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. रंगीत द्राव लावून, पुसून, तडा शोधावा लागतो. त्यात किनाऱ्याजवळची जागा असेल तर खारा वारा. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, खिडकीचे गज काय होतात ते आपण दर पावसाळ्यात बघतो. एका किनाऱ्याजवळच्या पार्कात मी नट सोडवायला गेलो तर नट पान्यातच चुरा होऊन आला होता.

आणि पाळणा बनवणारी कंपनीच बंद पडली तर सुटा भाग मिळत नाही. मग लेथवर करून घ्या, तपासा, पुन्हा करा. हिशोब करणारा म्हणतो, काढून टाका. तुमची झुकझुक गाडी बहुधा अशीच गेली. जाहिरातीत "नवीन थरार" लिहितात. "बेअरिंग मिळेना" कोण लिहिणार?

एक गोष्ट मात्र गुहागरी_पाळणा यांच्या बाजूची. सावकाश चालणाऱ्या होड्यांची राइड माणसं भराभर गिळते. डिस्नीलँडमधली १९६७ ची चाच्यांची राइड तासाला दोन हजारांहून जास्त माणसं नेते, कारण होड्या एकामागून एक सुटत राहतात. उलटं टांगणाऱ्या यंत्रात एका वेळी वीस-तीस जण, त्यात पट्टे लावा, तपासा, काढा. तेव्हा आजीची राइड ठेवणं हा नुसता दयाधर्म नाही, बाहेरची रांग त्यानेच कमी होते.

सोलकढी

जेवून आले. "बेअरिंग मिळेना" हे आमच्या ह्यांच्या गुडघ्यालाही लागू.

नाखवा

मला एक कळत नाही. दारात समुद्र असलेली माणसं तिकीट काढून वॉटरपार्कात लाटा बघायला जातात? आमच्याकडे भरती-ओहोटी फुकट आहे. दिवसातून दोनदा.

चिपळूणची_चिऊ

@नाखवा, आला का हा मुद्दा! प्रत्येक धाग्यात कोणीतरी समुद्र आणतोच.

समुद्राला बंद करायचं बटण नसतं म्हणून जातो आम्ही. ओहोटीची ओढ पोराला कळत नाही. कृत्रिम लाटांचं कसं, भोंगा वाजला की लाटा सुरू, परत वाजला की बंद, आणि काठावर शिटीवाला उभा. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवरच्या बनाना बोटी, पॅराशूट, सगळं बंदच असतं. शिवाय केसांत वाळू जात नाही.

नाखवा

वाळू केसांत गेली नाही तर समुद्रावर गेलो होतो हे घरी कळणार कसं?

(बरं, भोंग्याचा मुद्दा मान्य.)

दिल्लीकर_देवरुखी

अवांतराला जरा आवर घालतो.

माझं बालपण दिल्लीत गेलं, त्यामुळे माझं एस्सेलवर्ल्ड म्हणजे अप्पू घर. १९८४ ला सुरू झालं, नाव १९८२ च्या एशियाडमधल्या हत्तीच्या पिल्लाचं. २००८ ला बंद झालं, जागा सर्वोच्च न्यायालयाकडे गेली. तुम्ही राइड बदलल्याचं दुःख करताय, आमच्याकडे अख्ख्या पार्काच्या जागी वकील आले. एस्सेलवर्ल्डही २०२२ ला बंद झालंच. म्हणून बदलणाऱ्या पार्काबद्दल माझी तक्रार नसते. बदलतंय म्हणजे चालू आहे.

खारेपाटण_ते_कॅलिफोर्निया

+१. वॉल्ट डिस्नी स्वतः म्हणायचा की डिस्नीलँड कधी पूर्ण होणारच नाही. पण सगळे बदल बाबांनी सांगितलेल्या जातीचे नसतात. फ्लोरिडातल्या डिस्नीच्या पार्कात नॉर्वेची एक होडीची राइड होती, १९८८ ची. वायकिंग, राक्षस, वादळ असा सगळा मामला. ती २०१४ ला बंद केली आणि २०१६ पासून त्याच होड्यांतून 'फ्रोझन' चित्रपटातल्या एल्साला भेटायला जातात. चॅसी तीच, पण नॉर्वे गेलं. माझी भाची म्हणते उत्तम झालं. मी म्हणतो, वायकिंग बरे होते. आम्ही दोघं या विषयावर बोलत नाही.

एक उपयोगाचं : तिथे लहान मूल पट्टीला कमी पडलं तर रायडर स्विच असतं. एक पालक राइड करून येतो, दुसरा मुलाबरोबर थांबतो, मग दुसऱ्याला पुन्हा अख्खी रांग न लावता सोडतात. आपल्याकडे गेटवर विचारून बघायला हरकत नाही. आजीला एकटीला बाकावर बसवण्यापेक्षा पाळीपाळीने थांबा.

तळकोकणी

तुमच्या त्या वायकिंगाचा दुःख माका कळता. दशावतारात आख्यान रोज नवा लागता, त्याबद्दल कोण रडत नाय. पण आधी संकासूर येवकच होयो. तो इलो नाय तर पोरा उठान घराक जातीत. पार्कवाल्यांका सांगा, आख्यान बदला, संकासूर काढू नकात.

गुहागरी_पाळणा

तळकोकणी, हे मी धाग्यातच लिहायला हवं होतं. आमच्याकडे शिमग्याला नमनात संकासूर येतो. काळा वेष, लांब टोपी, कमरेला घुंगरू. दरवर्षी तोच, आणि दरवर्षी माझा मुलगा दाराआड लपतो. त्याला पट्टीही नाही आणि तिकीटही नाही.

ढवळी_लाट

मग ठरलं तर. नायट्रोच्या गेटवर संकासूर उभा करा, उंची तोच मोजेल.

हर्णैची_मावशी

आणि पिशव्याही त्याच्याकडेच द्या.

गुहागरी_पाळणा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व. सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. बेअरिंगला हसली, पालीच्या तळ्याला तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग जरा वेळाने म्हणाली, "तुम्ही सगळे एवढं भांडलात, पण मला विचारलं का कोणी? ती पट्टी तर मला चालत होती."

मी गप्प. खरंच विचारलं नव्हतं. गेटपाशी पोचायच्या आधीच पिशव्या तिच्या हातात दिल्या होत्या. झुकझुक गाडी असती तरी कदाचित दिल्या असत्या.

आता रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना उलटं टांगणं शक्य नाही, तिथल्या फलकावरही तसंच लिहिलेलं असतं. पण परवा गावच्या जत्रेत पाळणा लागला होता. बारा पेट्यांचा, जनरेटरवरचा, दिव्यांच्या माळा लावलेला. मी आधी जाऊन पिना आणि साखळ्या बघून आलो (ग्रीस_आणि_गंज यांची कृपा, आता मला सगळीकडे तडेच दिसतात). मग आईला विचारलं. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि नातवाला घेऊन चढली. पाळणेवाल्याने पेटीचा आडवा गज लावला, तसा मुलाने डोळे मिटून घेतले. आईने नाही मिटले. वर गेल्यावर तिला सुरुबनापलीकडे समुद्र दिसला असणार, कारण ती हात करून त्याला काहीतरी दाखवत होती. काय ते खाली ऐकू आलं नाही, जनरेटर फार आवाज करत होता.

मी पिशव्या धरून उभा होतो. दोन नारळ, एक कलिंगड, सगळ्यांच्या चपला. जड असतात हो.

सोलकढी

छान होत्या ना पण?

तळकोकणी

ता सगळा ऱ्हवांदे. खाजा हाडलंस मां?